रत्नागिरीच्या एका निवृत्त हेड कॅशियरना अनावृत पत्र

आदरणीय काका यांस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

माझ्या नोटांच्या संग्रहाची संपूर्ण यादी यंदा गणपतीच्या आधी लिहून झाली. इतक्या वर्षांच्या या उद्योगात आपली मदत एवढी झाली आहे, की तिचे आभार घरच्या घरी चहा घेता घेता मानणे मला अपुरे वाटले; म्हणून हे अनावृत पत्र. आपले नाव छापायचे नाही ही अट मी पाळली आहे. रत्नागिरीत ज्यांनी आपल्या काउंटरसमोर रांगा लावल्या ते तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

काउंटरवर आलेली जुनी नोट स्वतःच्या खिशातले पैसे भरून बाजूला काढायची आणि मला दर्शनी किमतीलाच द्यायची, हे आपण निवृत्तीपर्यंत केले. परंतु माझ्या मते त्याहून मोठे उपकार आपल्या दोन अटींचे आहेत. नोट कोणाच्या घरातून आणि कशी आली हे वहीत लिहायचे, ही एक. विकणाऱ्याला बाजारभाव कळल्याशिवाय सौदा करायचा नाही, ही दुसरी. सही, वर्ष आणि क्रमांकाची मालिका कोणत्याही कॅटलॉगात सापडते. ज्या घरात ती नोट टिकली तिथली हकीकत मात्र सांगणारे माणूस हयात आहे तोवरच विचारता येते, हे आपण मला पटवले. दुसऱ्या अटीमुळे काही नोटा माझ्या हातून गेल्या, आणि ओळखीचे एक-दोन संग्राहक या व्यवहाराला आजही भाबडेपणा म्हणतात. म्हणोत.

खाडीपलीकडच्या त्या खलाशी कुटुंबाकडे आपण मला घेऊन गेलात, तो व्यवहार या दोन्ही अटींवर झाला. आखातात त्या काळी भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत असे आणि त्याच रुपयांच्या आधारे सोन्याची चोरटी आयात होऊन आपली परकीय गंगाजळी झिजत होती. त्यामुळे 1959 मध्ये सरकारने तिकडच्या वापरासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असलेल्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने 1961 मध्ये, बहारीनने 1965 मध्ये स्वतःचे चलन सुरू केले आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर उरलेल्या बहुतेक राज्यांनीही रुपया सोडला. नोटा बदलून घेतल्या गेल्या, म्हणून आज त्या फार थोड्या दिसतात. त्या घरच्या आजींच्या यजमानांनी बहारीनच्या बंदरात काम केले होते, आणि येताना खिशात राहिलेल्या दहा रुपयांच्या नोटा इथल्या बाजारात चालत नव्हत्या म्हणूनच संदुकीच्या तळाशी सुखरूप राहिल्या. आपण लिलावातल्या भावांचा छापील कागद आधी त्यांच्या नातवाच्या हाती दिलात, तो त्याने आजींना मोठ्याने वाचून दाखवला, आणि सगळ्यात चांगली नोट घरातच ठेवा असेही आपणच त्यांना सुचवलेत. माझ्या वाट्याला घडी पडलेली नोट आली. तिच्यासमोर वहीत आजींनी सांगितलेली हकीकत पानभर आहे, आणि माझ्या संग्रहातली ती सर्वांत महत्त्वाची नोंद आहे असे मी मानतो.

कोकणात कागद जपणे हे वेगळेच काम आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत भिंतींना ओल असते, बुरशी आणि कसर कशाचीच वाट पाहत नाहीत. मऊ पीव्हीसीचे आल्बम कालांतराने चिकट होऊन शाईला धरतात, हे आपण बँकेच्या जुन्या फायलींवरून ओळखले होते. त्यामुळे माझ्या नोटा पॉलिएस्टरच्या पाकिटांत गेल्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढले गेले, आणि पावसाळ्यात ते उगाच उघडायचे नाही असा घरात दंडक झाला. नोट धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, लॅमिनेट तर कधीच करायची नाही. स्टेपलच्या भोकांबद्दल मात्र आपण मला निर्धास्त केलेत: 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुडक्यांना स्टेपल मारणे थांबवायला लावले, त्याआधीच्या नोटेला डावीकडे भोके असायचीच. 2016 च्या नोटाबंदीनंतरही जुन्या पाचशे-हजारांचा साठा करण्याचा मोह आपण वेळीच मोडलात. पुढे 2017 च्या कायद्याने अभ्यास वा संग्रहासाठी 25 नोटांची मर्यादा घातली, तेव्हा माझे पाकीट तिच्या आत होते.

चिंतामणराव देशमुखांच्या सहीची दोन रुपयांची नोट बाजारात सहज मिळते, तरीही आपण ती माझ्याकडून यादीत पहिल्या पानावर लिहून घेतलीत. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेला माणूस 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि सहाव्या जॉर्जच्या चित्राशेजारी त्याची सही आली, याचा आपल्याला कोकणी माणूस म्हणून वाटणारा अभिमान मला दुर्मिळतेच्या हिशेबापेक्षा अधिक योग्य वाटतो.

यादीत अजून जागा रिकाम्या आहेत. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्हिक्टोरियाच्या काळात लोक नोट मधोमध कापून एक अर्ध आधी आणि ते पोचल्याचे कळल्यावर दुसरे पाठवीत. तसे अर्ध मला मिळालेले नाही, आणि परवडेल असेही नाही. परंतु पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्याने 30 नोव्हेंबर 1917 रोजी निघालेली एक रुपयाची नोट आपण मला देऊन टाकलीत आणि किंमत घेतली नाहीत. ती आपल्या घरी कशी आली, हे आपण अजून सांगितलेले नाही. येत्या रविवारी वही घेऊन येतो, तेव्हा तेवढे सांगावे ही विनंती.

आपला नम्र,
एक संग्राहक