विषय : श्वान-प्रशिक्षण सेवेतील त्रुटी आणि शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, श्वान-प्रशिक्षण विभाग,
पुणे

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवीत आहे. लहान पिल्लांच्या पॅकेजमध्ये काय काय येते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नसावी. पूर्ण शुल्क आगाऊ घेतले ते तुम्हीच आणि माहितीपत्रकावर ‘भीती न दाखवता, बक्षिसाच्या आधारे प्रशिक्षण’ असे ठळक अक्षरांत छापले तेही तुम्हीच. माझ्या घरी पाठवलेल्या ट्रेनरला मात्र ते माहितीपत्रक कोणी दाखवलेले दिसत नाही.

चिंगी ही सात महिन्यांची देशी कुत्री आहे. कोणी तिच्यावर वाकले, आवाज चढवला किंवा थेट डोळ्यांत पाहिले, की ती कान मागे घेते, शेपूट पोटाशी घालते, अंग चोरून फरशीला टेकते आणि तिथेच तिला लघवी होते. घरचे माणूस बाहेरून आल्यावर आनंदाच्या भरात उड्या मारतानाही असेच होते. एरवी ती रात्रभर कोरडी राहते, फिरायला नेले की मैदानातच उरकते, आणि तपासणी करून लघवीत संसर्ग नसल्याचे पशुवैद्यांनी लिहून दिले आहे. हा सारा तपशील नोंदणी अर्जात होता. तो वाचून किंवा न वाचता तुमच्या ट्रेनरने पहिल्याच सत्रात तिच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली, ती घाबरून ओली झाल्यावर तिला उताणी पाडून मानेवर हात दाबून धरला, उडी मारली तर छातीत गुडघा घाला असे माझ्या सासूबाईंना शिकवले आणि अहवालात ‘हट्टी, डॉमिनंट, मुद्दाम घाण करते’ असा शेरा मारला.

आडवे पडून पोट उघडे करणे आणि त्यातच लघवी होणे, हे कुत्र्याने शरण आल्याचे लक्षण आहे. लांडगा आणि कुत्रा यांच्या या वर्तनाचे वर्णन प्राणिवर्तन-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९६७ मध्येच करून ठेवले आहे. तुमचा ट्रेनर ज्या ‘अल्फा’चा, म्हणजे झुंजून कळपावर हुकूमत गाजवणाऱ्या म्होरक्याचा, घोष करीत होता, ती कल्पना मुळात याच शेंकेल यांच्या १९४७ च्या बंदिस्त लांडग्यांवरील अभ्यासातून पसरली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, त्यालाही आता पाव शतक उलटले. हात जोडून माफी मागणाऱ्याला ‘माफी का मागतोस’ म्हणून आणखी दोन ठेवून द्याव्यात, असा हा उपचार आहे. अशा पिल्लाला शिक्षा केली की ते आणखी शरण येते, म्हणजे आणखी ओले होते. चिंगीच्या बाबतीत नेमके तेच झाले. त्या सत्रानंतर ती दारावरची घंटा वाजली तरी फरशीला टेकू लागली.

आता कालचे संभाषण. तुमच्या प्रतिनिधीने आरंभीच ‘तुमचा डॉगी’ म्हटले. ती कुत्री आहे, असे मी सांगितले. ‘हो मॅडम, तो सध्या डॉमिनन्स दाखवतोय,’ असे उत्तर आले. ती घाबरून बसते, यात वर्चस्व कुठले, असे विचारल्यावर समोरून कागद उलटल्याचा आवाज आला आणि तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवण्यात आले. मग घरात माणसे किती, अशी विचारणा झाली. मी चार म्हटल्यावर, ‘मग त्याच्या नजरेत तुमचा नंबर पाचवा आहे, मॅडम,’ असे निदान फोनवरच करण्यात आले. पशुवैद्यांच्या चिठ्ठीचा उल्लेख करताच, ‘डॉक्टर औषध देतात, ट्रेनिंगचं त्यांना काय कळतं,’ हे ज्ञान मिळाले. मी पैसे परत मागितले, तर प्राण्याच्या स्वभावदोषाला परतावा लागू नाही आणि त्याऐवजी पिल्लाला तुमच्या केंद्रात ठेवून घेण्याचे महागडे पॅकेज घ्यावे, असे सुचवण्यात आले. मी नकार दिला. त्यावर तो सद्गृहस्थ शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांना कुत्रा पाळायला जमतोच असं नाही.’ आणि फोन ठेवण्यापूर्वी या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल, असेही विचारले. गुणांचा आकडा मी तुमच्या कल्पनाशक्तीवर सोडते.

पशुवैद्यांनी सांगितलेले उपाय फुकट होते. घरात शिरताना तिच्याकडे पाहायचे नाही, ती शांत झाल्यावर बाजूला वळून उकिडवे बसायचे, डोक्यावरून नव्हे तर हनुवटीखालून हात न्यायचा, पाहुण्यांची भेट शक्यतो दाराबाहेर घडवायची, उडी मारली तर पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ द्यायचा; फरशी ओली झाली तर एक शब्दही न बोलता पुसून टाकायची. बहुतेक पिल्लांची ही सवय वयाच्या वर्षभरात आपोआप सुटते, हेही त्यांनीच सांगितले. चिंगी आता सावरत आहे. अनोळखी पुरुषाने अंगणातून हाक मारली की मात्र ती अजूनही पलंगाखाली जाते, आणि ही देणगी तुमच्या कंपनीची आहे. बक्षिसाच्या पद्धतीचे पैसे घेऊन गळ्यात चोक चेन घातली, हे पुन्हा एकदा नमूद करते, कारण फोनवर ते कोणाच्याही कानापर्यंत पोहोचलेले नाही.

पंधरा दिवसांच्या आत पूर्ण शुल्क परत करावे, अहवालातील शेरा लेखी मागे घ्यावा आणि त्या ट्रेनरला पिल्लांच्या सत्रांवरून काढावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा आयोगाकडे जाईन; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे या वेळी आगाऊ पैसे भरण्याचा प्रश्न नाही. प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे तुमच्या विधी विभागाला ठाऊक असेलच. शेजारच्या दोन घरांना तुमचे नाव मीच सुचवले होते; त्यांनाही या पत्राची प्रत देत आहे.

चोक चेन माझ्याकडेच आहे. ती नेण्यासाठी माणूस पाठवावा, फक्त तो ट्रेनर नसावा. फरशी मला पुसावी लागते.

एक ग्राहक