विमान सांगतं ते खरं कशावरून?

मा. संपादक,

नोव्हेंबर २०२५ मधे दिल्ली एअरपोर्टवर ८०० च्या वर फ्लाइट रखडल्या ना, तेव्हा बंद पडलेली ती एएमएसएस, म्हणजे फ्लाइट प्लॅनचे मेसेज कंट्रोलरच्या स्क्रीनपर्यंत पोचवणारी सिस्टीम, आणि बिचारे कंट्रोलर हाताने प्लॅन करत बसले. एक डबा घसरला की अख्खी गाडी उभी.

पण मला जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ठाण्यात माझ्या गच्चीवर छोटा अँटेना आणि रेडिओ पकडणारा यूएसबी डोंगल लावलाय, त्यावर १०९० मेगाहर्ट्झला मुंबईत उतरणारी विमानं आपली जागा, उंची, वेग ओरडून सांगत जातात (बायको म्हणते, खुळ आहे!), ना एन्क्रिप्शन ना सही, म्हणजे मेसेज खरंच त्याच विमानाने पाठवला का हे तपासायची सोय त्या मेसेजमधे नाहीच. एडीएस-बी म्हणतात ते हेच. १९७८ पासूनचं एकार्स, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यात छोटे लेखी मेसेज नेणारी सिस्टीम, तेही बहुतेक उघडंच बोलतं. जमिनीवर रडारशी ताळा घेता येतो म्हणून बरं, भर समुद्रावर रडार कुठून आणणार?

एएमएसएससारखी नवी सिस्टीम घेताना बॅकअप खरंच वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या लाइनवर आहे का ते एअरपोर्ट अथॉरिटीने आधी बघावं, नाहीतर दोन्ही एकाच प्लगवर!

— एक वाचक, ठाणे