आप्पा, मी झोपडीत राहत नाही

अश्दोद, इस्राएल,
सुक्कोत सणाचा चौथा दिवस

ती. आप्पा व सौ. आईस, शि. सा. न.

मी मजेत आहे. मी सांभाळते त्या आजींची तब्येत, जेवणखाण, औषधं सगळं नेहमीचंच. पत्राचं कारण पाल्याच्या मांडवातला माझा तो फोटो. आईला रात्रभर झोप नव्हती म्हणे, आणि पोरीला पाल्याच्या झोपडीत ठेवलंय असं गल्लीभर झालं. तर नीट ऐका.

ती झोपडी नव्हे, सुक्का. गॅलरीत उभारलेला मांडव. मिसरच्या गुलामीतून सुटल्यावर या ज्यू लोकांचे पूर्वज चाळीस वर्षं रानोमाळ असेच राहिले, म्हणून सुक्कोतला सात दिवस पक्क्या घरातली माणसं, गरीब असो की श्रीमंत, मांडवात येऊन जेवतात. काही झोपतातही. आजींच्या मुलाने तीन बाजूंना कापड लावलं, वर खजुराच्या झावळ्या टाकल्या. आता छपराचे नियम. वर घालायचं ते जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलंच हवं. पत्रा, ताडपत्री चालत नाही. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री फटींतून चांदण्या दिसाव्यात. वर दुसऱ्याची गॅलरी आली की सुक्का बाद! म्हणून काही इमारतींत गॅलऱ्या मुद्दाम एकीवर एक येऊ देत नाहीत. मी मांडवात फक्त जेवते. झोपते आत, सिमेंटच्या खोलीत. हे आईला दोनदा वाचून दाखवा.

पूजेला महाळुंग लागतं. बाजारात म्हातारे बाप्ये ते भिंगाखाली धरून डाग शोधतात, टोक मोडलेलं दिसलं की परत टोपलीत. सोबत खजुराचा न उमललेला कोंब, मेंदीसारख्या पानांची डहाळी आणि वाळुंजाची फांदी. सगळं एकत्र धरून चारी दिशांना, वर आणि खाली हलवतात. सुगी संपल्याचा सण, नेमका कोजागिरीच्या रात्री सुरू झाला. संपताना पावसासाठी प्रार्थना करतात, कारण इथे उन्हाळाभर थेंब नाही, जो पडायचा तो हिवाळ्यात.

आजी मूळच्या रेवदंड्याच्या, त्यामुळे मराठीतच सांगतात. माघाच्या सुमारास झाडांचा नवा वर्षारंभ असतो, तेव्हा त्या पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात. गव्हाच्या काढणीच्या सणाला, शावुओतला, रूथची गोष्ट वाचतात. ही परमुलखातली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला पोसणारी. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाची, असं यांच्या धर्मशास्त्रातच आहे. आई, तू मामांच्या गावी सरवा वेचायचीस आणि मुकादम हाकलायचा, ते मी आजींना सांगितलं. त्या कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या.

आप्पा, दर सातव्या वर्षी इथे जमीन पडीक ठेवायची असते. आपोआप उगवेल ते कुणीही न्यावं. मागचं असं वर्ष २०२१-२२ ला झालं. पोट चालायचं म्हणून बरेच जण कागदावर जमीन परधर्मीयाला विकून पेरा करतात. अशा वर्षाअखेर कर्जंही माफ. पण वर्ष जवळ आलं की कुणी उधार देईना, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी हिलेल नावाच्या पंडिताने तोड काढली: येणी न्यायसभेच्या नावावर करायची, म्हणजे बुडत नाहीत. तुम्ही म्हणाल, सावकार तिथेही सुटलाच. मलाही आधी तेच वाटलं. आजी म्हणतात, अगो, नाहीतर गरिबाला पैसे मिळालेच नसते. विहिरीजवळचा तुकडा मला इथे पाठवणाऱ्या एजंटसाठी गहाण पडला, तेव्हा आपल्यालाही कुणीतरी दिलेच होते.

हल्ल्याच्या भोंग्यांचं पुन्हापुन्हा विचारू नका. टीव्हीवर दाखवतात तसं रोज नसतं. जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली आहे, मी झोपते तीच. आजींना चाकाच्या खुर्चीवरून तिथे न्यायला वेळ पुरतो.

दिवाळीला येणं होत नाही. रजा मिळते हो, पण तिकिटाच्या पैशांत दोन हप्ते निघतात. संगमनेरच्या स्थळाला कळवून टाका की मुलगी दोन वर्षं येत नाही. थांबले तर थांबले. माझ्यासाठी धाकटीला अडवू नका, तिचं या माघात उरका. मी फोनवरून लग्न बघेन, रडणार नाही.

तुमची,
माई

ता. क. चाळीस हजार पाठवलेत. त्यातले पाच आईच्या डोळ्यांचे आहेत, बियाण्यात घालू नका. दादाकडून पावतीचा फोटो हवा.