सिकलसेलचे कार्ड मुलींच्याच गळ्यात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आईबापांकडून मुलांत येणारा हा रक्ताचा आजार हटवायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. माझी सगळी नोकरी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील उपकेंद्रांवर आरोग्य सेविका म्हणून झाली. आता म्हसरूळला राहते. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणीनंतर माणसावर जो शिक्का बसतो, त्याची काळजी कोणी घेताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. ही सोल्युबिलिटी चाचणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच ती सांगते. ते आईबाप दोघांकडून आले म्हणजे एसएस, खरा रुग्ण. एकाकडूनच आले म्हणजे एएस, नुसता वाहक. हा फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते, आणि तो रिपोर्ट यायला वेळ लागतो.

तेवढ्या वेळात काय होते, ते मी एका आश्रमशाळेत पाहिले. नळ्या व्हरांड्यातल्या टेबलावरच मांडलेल्या, रांगेतली पोरे माना वाकवून बघत होती. संध्याकाळपर्यंत वसतिगृहभर झाले, "हिला सिकल निघाला." आठवीतली मुलगी. जेवताना शेजारच्या मुलींनी ताटे सरकवून घेतली, जणू खरूज-नायटाच आहे. खेळाच्या सरांनी तिचे नाव कबड्डीच्या संघातून काढले. नंतर रिपोर्ट आला, एएस. वाहक सहसा ठणठणीत असतो, शेतात राबतो, खेळतो, त्याला गोळ्या-औषधांची गरज नसते. मी रिपोर्ट घेऊन शाळेत गेले, सरांना समजावले. त्यांनी मान डोलावली, पण संघात तिचे नाव काही पुन्हा आले नाही.

हेच पुढे लग्नात होते. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. एक वाहक आणि दुसऱ्यात दोष नसेल, तर मूल या आजाराचे रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. म्हणजे प्रश्न जोडीचा आहे. गावात मात्र जोडी तपासलीच जात नाही. बाई गरोदर राहिली की तपासणीत आपोआप येते. नवऱ्याला बोलावणे जाते ते तिची पॉझिटिव्ह आल्यावर, आणि तो तर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला गेलेला असतो. माझ्या रजिस्टरात बायकांपुढे निकाल असायचे आणि पुरुषांचे कितीतरी रकाने कोरे. पेठकडच्या एका मुलीचे ठरलेले लग्न तिच्या तपासणीच्या निकालाचे कार्ड बघून मोडले, तेव्हा मी मुलाच्या चुलत्याला विचारले, "मुलाचं कार्ड कुठंय?" तो म्हणाला, "सिस्टर, त्याला काय झालंय? पोरगा चांगला धडधाकट आहे." अहो, मुलगीही धडधाकटच होती! मला आजही त्या उत्तराचा संताप येतो.

हे नवे नाही. अमेरिकेत १९७० नंतर अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणीचे कायदे केले, काही ठिकाणी सक्तीचे. वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली, वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महागला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्यात तपासणी ऐच्छिक आणि माहिती गोपनीय ठेवण्याची अट घालावी लागली. आपल्याकडे नाशिक शहरातली शिकलेली माणसेसुद्धा "हा आदिवासींचा आजार" म्हणून मोकळी होतात. हे जनुक टिकले मलेरियामुळे, कारण वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. ते जात बघून येत नाही. विदर्भात कितीतरी जातींत आहे.

आणि जो खरोखर एसएस आहे, त्याची वेगळीच परवड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, पण बहुतेक लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. रात्रभर हाडांच्या कळांनी तळमळलेला पोरगा दिव्यांगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जातो तेव्हा नीट चालत असतो. गावाच्या लेखी तो कामचुकार.

जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला माझी विनंती आहे. पक्का रिपोर्ट हाती येईपर्यंत शाळेकडे यादी जाऊ नये. निकाल व्हरांड्यात नव्हे, दार लावून, आईबापांना समोर बसवून सांगावा. वाहक मुलगी खेळू शकते, हे शाळेला लेखी कळवावे. कॉलेजातल्या मुलग्यांचीही तपासणी लग्नाच्या वयाआधी पूर्ण करावी. आणि सोयरिकीच्या बैठकीत मुलाचे कार्ड समोर आल्याशिवाय मुलीचे कार्ड कोणी मागू नये, हे आशाताईंनी आणि सरपंचांनी गावात ठणकावून सांगावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
म्हसरूळ, नाशिक