पाठीमागचा फोटो मागणाऱ्या काकांना आभाराचं पत्र

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरमागच्या काकांना,

स. न. वि. वि.

काका, "गेमचं चित्र येतंय पण आवाज येत नाही" असं म्हणत कुणी आलं की तुम्ही केबल काढायच्या आधी एकच गोष्ट मागता. मॉनिटरच्या पाठीमागचा फोटो. त्या फोटोसाठी हे जाहीर पत्र. हॉस्टेलच्या खोल्यांत आणि भाड्याच्या वन रूम किचनमध्ये टीव्हीऐवजी मॉनिटरला प्लेस्टेशन (पीएस), एक्सबॉक्ससारखा गेमचा कन्सोल जोडून देण्याचं काम आम्ही करतो, आणि तुमची ती रीत आता आमचीही झाली आहे. ती लोकांपर्यंत जावी म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहोत.

फोटोत चित्र आणि आवाज एकाच केबलने घेणाऱ्या एचडीएमआयच्या शेजारी हेडफोनचं छोटं चित्र असलेला जॅक दिसला, की अर्धं काम तिथेच झालेलं असतं. कन्सोलचा आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरपर्यंत पोचलेला असतो, फक्त मॉनिटरला स्पीकर नसल्यामुळे तो बाहेर पडत नाही. साडेतीन एमएमच्या पिनेचे, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर तिथे लावायचे. म्युझिक सिस्टिमचे नुसते दोन वायरींचे बॉक्स तिथे चालत नाहीत, कारण हेडफोनच्या जॅकमध्ये त्यांना हलवण्याइतकी ताकद नसते. मग मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडून ऑडिओमध्ये जायचं, म्यूट काढायचं, आवाज ७० ते ८०वर ठेवायचा आणि पुढचं कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर करायचं. मॉनिटरचा आवाज १०वर आणि स्पीकर पूर्ण मोठा, असं उलटं केलं की खरखरही सोबत मोठी होते.

इथेच एक फसगत होते, आणि तिच्याकडे बोट तुम्ही दाखवलंत. काही मॉनिटरना तसाच दिसणारा ऑडिओ इनचा जॅक असतो. व्हीजीए या जुन्या चित्राच्या केबलमधून आवाज जात नाही, म्हणून कॉम्प्युटरचा आवाज वेगळ्या वायरीने मॉनिटरच्या आतल्या स्पीकरपर्यंत न्यायला तो दिलेला असतो. त्यातून आवाज बाहेर येत नाही, आत जातो. हेडफोन त्यात लावून तासभर मेनू चाळणाऱ्यांची चूक एवढीच असते की त्यांनी बाणाची दिशा पाहिलेली नसते. अशा मॉनिटरवर ऑडिओ सोर्सही ऑडिओ इनवरच अडकलेला असू शकतो. तो एचडीएमआयवर आणला की आतले स्पीकर बोलू लागतात.

जॅक बरोबर, मेनू बरोबर आणि तरी शुकशुकाट असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये पाहायचं. पीएस ५वर सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये ऑडिओ आउटपुट आहे. तिथे एचडीएमआय डिव्हाइसचा प्रकार टीव्ही आणि ऑडिओ फॉरमॅट लिनिअर पीसीएम, म्हणजे न बांधलेला साधा आवाज, ठेवायचा. एक्सबॉक्सवर व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुटमध्ये एचडीएमआय ऑडिओ स्टिरिओ अनकंप्रेस्डवर. डॉल्बी किंवा डीटीएस या होम थिएटरच्या पद्धतींनी बांधलेला आवाज उलगडणारी चिप साध्या मॉनिटरमध्ये नसते, त्यामुळे तो तसा पाठवला की मॉनिटर गप्प बसतो. आधी होम थिएटरला लावलेला कन्सोल कुणी खोलीवर आणला, की हमखास हेच निघतं.

आता तुमच्या शिकवणीतला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग. पाठीमागे डीव्हीआय, म्हणजे नुसतं चित्र घेणारी जुनी जोडणी आहे, किंवा एचडीएमआय आहे पण आवाजाचा एकही जॅक नाही, असा मॉनिटर. अशा वेळी लोक केबल बदलत बसतात. तुम्ही सांगितलंत की आवाज केबलमध्ये हरवत नाही, तो कन्सोलमधून निघतच नाही.

एचडीएमआयच्या १९ पिना असतात. त्यातल्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून कन्सोल मॉनिटरची ओळख वाचतो. ही ओळख म्हणजे ईडीआयडी, १२८ बाइटचा एक तक्ता. आवाज घेऊ शकणारं यंत्र त्याला आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडतं आणि कुठला आवाज चालेल ते तिच्यात लिहितं. डीव्हीआय मॉनिटर पुरवणी जोडतच नाही, आणि आवाज न घेणारा एचडीएमआय मॉनिटर तिच्यात आवाज लिहीत नाही. मग कन्सोल त्याला नुसतं चित्र पाठवतो. चित्राच्या दोन ओळींमध्ये जी मोकळी जागा सुटते, तिच्यातून आवाज जायचा असतो, आणि अशा जोडणीत ती रिकामीच राहते. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल आणली तरी फरक पडत नाही, कारण अडचण तारेत नाही, पुरवणीत आहे. खात्रीच हवी असेल तर तीच केबल आणि तोच कन्सोल शेजाऱ्यांच्या टीव्हीला दोन मिनिटं लावून पाहायचा. तिथे आवाज आला, की केबल आणि कन्सोल दोन्ही सुटले.

यावर उपाय एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढून देणारी ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरची डबी. कन्सोलची केबल तिच्या इनमध्ये, मॉनिटरची आउटमध्ये आणि स्पीकर बाजूच्या साडेतीन एमएमच्या जॅकमध्ये. पण डबी विकताना तुम्ही नखाने जो बारीक सरकता खटका दाखवता, सगळं त्याच्यावर आहे. बऱ्याच डब्यांवर त्याच्या तीन जागा असतात: पास, २ सीएच आणि ५.१ सीएच. पासवर असताना डबी मॉनिटरचीच ओळख पुढे करते, म्हणजे आवाज पुन्हा बंद. २ सीएचवर ठेवला की डबी स्वतःची पुरवणी जोडते, आणि कन्सोलला वाटतं की समोर दोन चॅनेलचा आवाज घेणारा टीव्ही आहे. खटका सरकवल्यावर एचडीएमआयची केबल काढून पुन्हा लावायची, कारण ओळख जोडणीच्या वेळी वाचली जाते. ही शेवटची पायरी राहिल्यामुळे "डबी खराब आहे" म्हणून परत आणणारी माणसं तुम्ही रोज शांतपणे समजावता.

डबीला ५ व्होल्टची वीज लागते. ती कन्सोलच्या यूएसबीतून न घेता वेगळ्या मोबाइल चार्जरमधून घ्या, हा तुमचा आग्रह आम्हाला शंभर टक्के पटला आहे. कन्सोलमधून वीज घेतली की गेममध्ये धावपळ वाढेल तशी स्पीकरमध्ये बारीक किणकिण वाढते. तिच्याहून वेगळी, सतत येणारी जाड घूं ही आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थिंग घेत असली की ती येते. सगळं एकाच बोर्डावर आणायचं, आणि तरी राहिली तर स्पीकरच्या वायरीत ही घूं अडवणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घालायचा. अर्थिंगची तिसरी पिन मोडून घूं घालवायचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे आणि तुम्ही तो कधीच देत नाही, म्हणून वेगळे आभार.

डबी घेताना तिच्यावरचा आकडाही वाचायला हवा. एचडीएमआय १.४ची डबी ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जाऊ देते. ६० हवे असतील तर २.० लागते, आणि ४केला १२० हवे असतील तर २.१. १०८० पीच्या मॉनिटरला ६० फ्रेमसाठी १.४ पुरेशी होते, जास्त पैसे घालायची गरज नाही. काही जुन्या डीव्हीआय मॉनिटरना मात्र आवाजासकट आलेला सिग्नल पचत नाही, चित्र बाजूला सरकतं आणि कडेला गुलाबी पट्टा उमटतो. तसं झालं तर डबीचा हट्ट सोडून आवाजाला दुसरी वाट काढायची.

ती वाट जुन्या कन्सोलवर फार सोपी आहे. पहिल्या पीएस ४ला आणि पीएस ४ प्रोला उजेडाने आवाज पाठवणारा ऑप्टिकल जॅक आहे. तो चालू असला की आत लाल उजेड दिसतो. त्याला ऑप्टिकलचा आवाज स्पीकरसाठी बदलून देणारा छोटा कन्व्हर्टर लावायचा, सेटिंगमध्ये प्रायमरी आउटपुट ऑप्टिकल करायचं आणि फॉरमॅट लिनिअर पीसीएम ठेवायचा. पीएस ४ स्लिमला आणि पीएस ५ला हा जॅक नाही. एक्सबॉक्स वनला आहे, सीरिज एक्स आणि एसला नाही. पीएस ३ असेल तर चित्र एचडीएमआयने आणि आवाज जुन्या एव्ही केबलच्या लाल-पांढऱ्या पिनांनी घेता येतो. साउंड सेटिंग्जमध्ये ऑडिओ मल्टी आउटपुट ऑन करायचं, पिवळी पिन तशीच लोंबू द्यायची.

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली, आत एकही चिप नसलेली केबल कन्सोलच्या काहीही उपयोगाची नाही. एचडीएमआयमधला आवाज आकड्यांत असतो, तो नुसती तार जोडून स्पीकरच्या भाषेत येत नाही. ती केबल तुम्ही ठेवतच नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

आणि शेवटचं, ज्यासाठी आम्हाला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. एकट्यालाच खेळायचं असेल तर "काही घेऊ नका, मोबाइलचा हेडफोन आहे ना?" असं विचारून तुम्ही माणसाला घरी पाठवता. पीएस ४, पीएस ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरला साडेतीन एमएमचा जॅक असतोच. पिनेवर तीन काळ्या रेघा असल्या तर माइकही चालतो, दोन असल्या तर फक्त ऐकू येतं. प्लेस्टेशनवर नुसतं मित्रांचं बोलणं ऐकू येत असेल तर आउटपुट टू हेडफोन्समध्ये ऑल ऑडिओ निवडायचं. निन्टेंडो स्विच डॉकमध्ये असला तरी त्याच्या वरच्या कडेचा जॅक मोकळाच असतो, आणि सप्टेंबर २०२१च्या अपडेटपासून स्विच ब्लूटूथ हेडफोनही घेतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स साधे ब्लूटूथ हेडफोन घेत नाहीत. मॉनिटरच्या जॅकला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी मागे पडू शकतो, म्हणजे ६० फ्रेमच्या गेममध्ये सहा ते बारा फ्रेम. उडी आधी दिसते, तिचा आवाज मागून येतो. वायरच बरी.

तुमचे,
कन्सोल जोडून देणारे आम्ही सगळे