विजापूरला निघताना

सोलापूर
शुक्रवार, रात्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

हे पत्र कडक भाकरीच्या डब्याखाली ठेवतेय. सकाळी बस हलली की वाच.

बाबा आज दोनदा म्हणाले, "मी येतो की संगं, लांबनं लक्ष ठेवीन." मीच नको म्हटलं. काळजी मलाही आहे. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, दोन दिवसांचा प्रश्न, तरी झोप येत नाहीये. पण तू एकटीनेच जावंस असं मला फार वाटतं.

मी एकटीने पहिला प्रवास केला तो एकेचाळिसाव्या वर्षी, तुझ्या आजीचे रिपोर्ट घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला. गाडीत ठीक होते. पण पुणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगायला तोंडच उघडेना. पोटात भूक होती, तरी चहा मागताना आवाज कापला. घरात दहा माणसांचं सगळं बघणारी मी, आणि तिथे वीस मिनिटं नुसती उभी राहिले. तेव्हा लक्षात आलं, आजवर विचारायचं काम कायम दुसऱ्यानेच केलं होतं. आधी वडिलांनी, मग दादाने, मग तुझ्या बाबांनी. तुला ते एकोणिसाव्या वर्षीच येऊ दे.

भीमा ओलांडली की पाट्या कानडी होतील. विजापूरचं नाव आता विजयपूर आहे, बसवर कानडीत तेच असतं. शेजारच्या काकूंनी शिकवलेलं विसरू नकोस. 'एल्ली' म्हणजे कुठे, 'एष्टु' म्हणजे किती, 'बेडा' म्हणजे नको. हा तिसरा शब्द जोरात म्हणायला शिक. अडलंच तर मराठीत बोल. तिकडे बऱ्याच जणांना मराठी कळतं, जसं आपल्या पेठेत कानडी सगळ्यांना कळतं.

लॉजची खोली उजेडातच बघून घे, आतली कडी नीट लागते का ते आधी पाहा. आधार कार्ड आणि थोडे पैसे वेगळ्या कप्प्यात ठेव. पोचल्यावर एक फोन कर आणि रात्री झोपताना एक. मधे मी करणार नाही, बाबांनाही करू देणार नाही.

गोलघुमटावर सकाळी लवकर जा, शाळांच्या सहली यायच्या आत. मी नववीत असताना आमची सहल मीटरगेजच्या गाडीने गेली होती. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे जिने चढून वर गेलो. घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा आहे, तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की समोरच्या बाजूला, अडतीसेक मीटरवर, स्पष्ट ऐकू येतं. पण आमच्या शंभर पोरींच्या किंचाळण्यात मला काहीच ऐकू आलं नाही. खाली आलीस की मधोमध उभी राहून वर बघ. एवढ्या मोठ्या घुमटाला मधे एकही खांब नाही, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो पेललाय. मुहम्मद आदिलशहा 1656 मध्ये वारला, ही त्याची कबर. मला मात्र इब्राहिम रोजा, म्हणजे तिथलीच इब्राहिम आदिलशहाची कबर, जास्त आवडला होता. नाजूक आहे, आणि तिथे शांतता असते.

चांदबिबीच्या नावाची बावडीही बघून ये. ती अहमदनगरची लेक, विजापूरच्या आदिलशहाला दिली तेव्हा आपला सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला होता. किल्ल्याच्या बागेत तू लहानपणी इतकी खेळलीस, पण हे तुला कधी सांगितल्याचं आठवत नाही. नवऱ्यामागे तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि पुढे माहेरी येऊन मोगलांशी नगरचा किल्ला लढवला. बावडीच्या काठावर थोडी बस.

शेंगाचटणी वेगळ्या पुडीत बांधलीय. सगळी एकटीने संपवू नकोस, बसमध्ये शेजारी कुणी बाई असली तर तिला दे. बोलणं तिथूनच सुरू होतं.

आणि सज्जात गेलीस की भिंतीशी काहीतरी बोल. समोर आपलं कुणी नसेल, पण तो आवाज फिरून तुझ्याच कानावर येईल. काय बोललीस ते घरी आल्यावर मला सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई