साडेनऊ बोटांचे नाना

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, वर्कशॉपमध्ये कातायला दिलेला तुकडा, तुमच्या भाषेत जॉब, खराब झाला आणि सर सगळ्यांदेखत बोलले. मग फोन ठेवता ठेवता विचारलंस, "आई, तुझे ते नानाकाका दिसायचे कसे गं?" तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी होत होती, म्हणून "नंतर सांगते" म्हटलं. फोटो पाठवावा तर एकच आहे, माझ्या लग्नातला, त्यातही ते अर्धे खांबामागे. फोटोग्राफर दिसला की नाना खांब शोधायचे. तेव्हा लिहूनच पाठवते.

उंची पाच फूट सव्वादोन इंच. हा सव्वा त्यांचाच. विम्याच्या फॉर्मवर आमच्या बाबांनी नुसतं पाच-दोन लिहिलं, तर खोडायला लावलं. रंग सावळा, कान मोठे, केस तेल लावून मागे चापून बसवलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, सगळी नोकरी लेथसमोर, धातू कातायच्या त्या यंत्रासमोर, उभ्याने झाल्यावर दुसरं काय होणार. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढरे ठिपके, तांदळाचं पीठ शिंपडल्यासारखे. कातताना धातूचा तापलेला कीस उडून बसलेले ते चटके. सगळ्यांच्याच काकांना असे ठिपके असतात, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि पेन्सिल, कुणाच्या लग्नाला निघाले तरी.

आणि डोळा. काही बारीक बघायचं असलं की डावा डोळा अर्धा मिटायचा आणि त्याच बाजूचा ओठ वर जायचा. तूही मोबाइलवर वाचताना हेच करतोस. दोनदा तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, नंबर काही निघाला नाही. त्यांचं बघून उचललंस म्हणावं, तर ते गेले तेव्हा तू दीड वर्षाचा होतास.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या एका कारखान्यात नाना टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर होते. आता तिकडे काचेच्या इमारती उठल्यात, पण तेव्हा पहिल्या पाळीला नौपाड्यातून सायकलींची रांग निघायची. संध्याकाळी ते आले की आधी वास यायचा. कूलंटचं, म्हणजे कातताना जॉब थंड ठेवायला सोडतात ते दुधासारखं पांढरं पाणी, त्यात तेल आणि लोखंड. आजी त्यांना मोरीत पिटाळायची आणि हात धुऊन होईपर्यंत चहा द्यायची नाही.

डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. ते कधी लपवलं नाही. आम्ही पोरं आकडे शिकत होतो तेव्हा आपली बोटं पुढे करून "मोजा" म्हणायचे, आणि "साडेनऊ!" असं आम्ही ओरडलो की खूश. कसं झालं ते मात्र एकदाच सांगितलं. थंडी होती, सुती हातमोजे घातले होते, फिरत्या जॉबवरून हात फिरवून बघायला गेले. हातमोजा गुंडाळला गेला, त्याच्याबरोबर बोट. "यंत्राची चूक नव्हती, माझी होती," म्हणाले आणि लगेच सुपारी कातरायला घेतली. तुझ्या सरांनी सांगितलं असेलच, तरी मीही सांगते: लेथवर हातमोजे नाहीत, बाही दुमडलेली, आणि चकाची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकात विसरायची नाही.

माणूस गोड होता असं समजू नकोस. चिकट होते, तापट होते. एकदा पानात आलेली पोळी उजेडाकडे धरून म्हणाले, "वहिनी, ही डावीकडे जाड आहे." आमच्या आईने काही न बोलता लाटणं त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानंतर पोळ्यांच्या जाडीवर घरात चर्चा झाली नाही.

मी तिसरीत असताना एका रात्री वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात ते मायक्रोमीटर, बारीक जाडी मोजायचं त्यांचं हत्यार, पुसत बसले होते. मी हट्ट धरला, मला काहीतरी मोजायचंय. त्यांनी माझ्या वेणीतून एक केस उपटला. मी किंचाळले, तिकडे लक्षच नाही. केस दोन टोकांमध्ये धरला आणि म्हणाले, "फिरव, पण आवळू नकोस. मागचं रॅचेट फिरव, ते टकटक करून सांगेल पुरे झालं म्हणून." टक, टक, टक. मग डोळा अर्धा मिटून आकडा वाचला: तीन थाऊ. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीन. दुसऱ्या दिवशी मी वर्गभर सांगत फिरले. कुणाला काही कळलं नाही. मग नानांनी आजीचाही केस मोजला. तो अडीच भरला, तर आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

रविवार सकाळ मराठी ग्रंथसंग्रहालयाची. १८९३ सालची संस्था, तिथले जुने सभासद नानांना ओळखायचे ते त्यांच्या पुस्तकखुणेमुळे: शिम, म्हणजे कागदासारखी पातळ पितळी पट्टी. पान दुमडणाऱ्याला ते जवळजवळ गुन्हेगार समजत. रेल्वेवर हाताला लागेल ते वाचलं होतं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तिच्या तीन इंजिनांची नावं साहिब, सिंध, सुलतान. ही नावं अशी घ्यायचे जणू तिघं त्यांच्याच पाळीला होते. मासुंदा तलावाला चक्कर मारताना मी आईस्क्रीम मागितलं की सुलतान सुरू व्हायचा, आणि आईस्क्रीमचा स्टॉल मागे पडायचा.

तुझ्या जॉबचं ऐकून ते काय म्हणाले असते, हे मला ठाऊक आहे. "काढलेला कीस परत बसत नाही. दुसरा तुकडा घे." गणितात नापास झाले होते तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं. मला तेव्हा रागच आला होता, तुलाही येईल.

शेजारच्या काकू बुधवारी नागपूरला येतायत. त्यांच्याबरोबर लाडू आणि चिवडा देतेय, आणि मायक्रोमीटरही. लाकडी डबीत आहे. डबीची बिजागरी सैल आहे, उघडताना झाकण धर. कुणाला उसना देऊ नकोस. आणि वापरून झाल्यावर टोकं मिटवून ठेवू नकोस, मध्ये थोडी फट राहू दे. का ते नानांनी मला सांगितलं होतं, तू तुझ्या सरांना विचार आणि मला फोन कर. बरोबर सांगतात का ते मला बघायचंय.

तुझी,
आई